निळा दिवा पाहून भुलू नका: टॅटू-पिअर्सिंगमधल्या या चुका टाळा

गोव्यात कळंगुट-बागाच्या रस्त्यावरच्या टॅटूच्या दुकानात एक काचेचं कपाट हमखास दिसतं. आत निळसर दिवा, खाली अवजारं मांडलेली. गिऱ्हाईक खूश. पण त्या दिव्याचे अतिनील किरण जिथं पडतात तिथंच काम करतात. नळीच्या आत, सांध्यात ते पोचत नाहीत. निर्जंतुक झालेली अवजारं ठेवायला ते कपाट ठीक, निर्जंतुक करायला नाही. पातेल्यात उकळणं, स्पिरिटने पुसणं हेही तसंच, कारण जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची चिवट सुप्त रूपं, त्याने मरत नाहीत.

त्यासाठी ऑटोक्लेव्हच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्रच, लागतो: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पाकिटबंद अवजारांना ३० मिनिटं. ही मिनिटं तापमान गाठल्यावर मोजायची, बटण दाबल्यापासून नव्हे. आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. मध्येच गेली की परत आल्यावर उरलेली दहा मिनिटं चालवून मोकळे होणारे आहेत. चक्र पुन्हा पहिल्यापासूनच चालवावं लागतं. पाकिटं ओली निघाली तर तीही बाद, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. जुलैच्या दमट हवेत ती आपोआप वाळतील म्हणून बाहेर काढून ठेवू नयेत. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे फक्त वाफ आणि उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू मेले का, हे बीजाणूंच्या पट्टीच्या चाचणीवरून ठरतं: जिवंत बीजाणूंची पट्टी अवजारांबरोबर आत ठेवून ते मेले का हे बघतात. तिची नोंदवही दाखवायला सांगा. मालक रागावला तर उठून या, दुसरं दुकान चार पावलांवर असतं.

सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. शाईकडे मात्र कुणी बघत नाही. करडी छटा हवी म्हणून काळ्या शाईत साधं पाणी घालणं महागात पडतं. २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये तर तयार करड्या शाईतूनच मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जिवाणूचा संसर्ग अनेकांना झाला होता.

भिंतीवर फ्रेम करून लावलेला पंचायतीचा परवाना धंद्याचा असतो. ऑटोक्लेव्ह चालतो की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं. वापरलेली सुई टोचणार नाही अशा बंद डब्यात जाते का, हेही बघा. सुक्या कचऱ्यात टाकली तर ती कचरा वेगळा करणाऱ्या कुणाच्या तरी बोटात घुसते.

माझ्या भाचीने म्हापशाला कानाच्या वरच्या भागात, म्हणजे कूर्चेत, बंदुकीने टोचून घेतलं. बंदुकीचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, आणि तिच्या धक्क्याने कूर्चा चिरडते. तिथं रक्तपुरवठा आधीच कमी. आठवड्यात कान लालभडक होऊन सुजला. घरच्यांनी रिंग काढून हळद लावली. भोक वरून मिटलं, पू आतच राहिला. मग डॉक्टरांनी चिरून काढला. अशा वेळी रिंग तशीच ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि टोचून घ्यायचंच असेल तर पोकळ सुईने.

पर्यटकांची नेहमीची चूक वेगळीच. पहिल्या दिवशी टॅटू, दुसऱ्या दिवशी समुद्र. टॅटू म्हणजे उघडी जखमच. किमान दोन-तीन आठवडे समुद्र आणि हॉटेलचा तलाव, दोन्ही बंद. म्हणून टॅटू सुट्टीच्या शेवटच्या दिवशी काढावा.