भिशी बुडू नये म्हणून नियम कसे ठरवावेत

बारा सभासद, दरमहा २,००० रुपये हप्ता आणि दर महिन्याला एकाच्या हातात २४,०००. भिशी सुरू करण्याआधी पहिल्या नंबराचा हिशेब मांडा. पहिल्या महिन्यात भिशी लागलेला सभासद २,००० भरून २४,००० उचलतो, म्हणजे इतरांचे २२,००० त्याच्याकडे जातात. पुढच्या अकरा हप्त्यांत ते फिटतात. हीच रक्कम बाहेरून दरमहा शेकडा दोनने घेऊन तशीच फेडली असती, तर एकूण २,६४० रुपये व्याज पडले असते. पैशात पाहिले तर पहिल्या नंबराचा फायदा एवढाच, आणि हप्ते बंद केले तर मात्र २२,००० खिशात. नुसत्या आकड्यांवर सोडली तर भिशी पहिल्याच महिन्यात मोडायला हवी.

ती मोडत नाही, कारण त्याच माणसांची तोंडे रोज पाहायची असतात. एकदाच गाठ पडणार असेल तर फसवणे परवडते, वारंवार पडणार असेल तर परवडत नाही. रॉबर्ट ऑमन यांना २००५ मध्ये थॉमस शेलिंग यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात अशा वारंवार खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ माणसे निवडण्यात घालवा. प्रत्येक सभासदाची भिशीबाहेर किमान दोघांशी नेहमीची गाठभेट हवी: शेजार, एकाच गल्लीतले दुकान, एकच ऑफिस. ज्याची बदली ठरली आहे किंवा भाडेकरार संपत आला आहे, तो कितीही सज्जन असला तरी त्याला सुरुवातीचा नंबर देऊ नका. संख्या १० ते १२ ठेवा. वीस जणांची भिशी वीस महिने चालते आणि तेवढ्यात कुणाची ना कुणाची परिस्थिती पालटतेच.

पहिले तीन नंबर आधीची भिशी वेळेवर पूर्ण केलेल्यांना द्या. उरलेल्यांची चिठ्ठी दर महिन्याला सगळ्यांसमोर काढा, पण नव्या सभासदाची चिठ्ठी सातव्या महिन्यापासूनच टाका. सातव्याला भिशी उचलणाऱ्याचे देणे १०,००० च उरते. पहिल्या चौघांच्या हातात २०,००० द्या आणि ४,००० दोन सभासदांच्या संयुक्त खात्यात अनामत ठेवा. त्यांचे शेवटचे दोन हप्ते त्यातूनच जातील.

लिलावाची भिशी, म्हणजे जो सगळ्यात जास्त रक्कम सोडेल त्याला त्या महिन्याची भिशी, शक्यतो नकोच. समजा, पहिल्या महिन्यात एकाने ५,००० सोडून १९,००० ला भिशी उचलली. २,००० चा हप्ता वजा जाता त्याच्याकडे १७,००० राहिले आणि भरायचे मात्र २२,०००. इतके सोडायला तोच तयार होतो, ज्याला दुसरीकडे कुठेच उधार मिळत नाही. लिलाव अशा माणसाला शोधून सगळ्यात आधी पैसे देतो. शिवाय कमिशन घेऊन अनोळखी लोकांची भिशी चालवू नका. अशी भिशी म्हणजे चिट फंड, आणि नोंदणी न करता तो चालवण्याला १९८२ च्या चिट फंड कायद्याने बंदी आहे.

उशिरा भरणाऱ्याला दिवसाला दहा रुपये दंड हा नियम ऐकायला बरा वाटतो, पण उलटतो. इस्रायलमधल्या हैफा शहरातील पाळणाघरांत मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना छोटा दंड लावून पाहिला गेला. उशीर वाढला आणि दंड काढल्यावरही कमी झाला नाही. २००० साली उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी हा अभ्यास मांडला. दंड म्हणजे उशिराचे भाडे होऊन बसते आणि भाडे भरणाऱ्याला संकोच राहत नाही.

त्याऐवजी पायऱ्या ठेवा. हप्त्याची तारीख ५. सहा तारखेला सकाळी ग्रुपवर फक्त भरलेल्यांची यादी टाका. राहिलेल्याला आपले नाव दिसत नाही, तेवढे पुरते. आठ तारखेला दोघांनी घरी जावे, फोन करू नये. घरात आजारपण असेल, पगार थकला असेल, तर भिशी न उचललेल्याचा हप्ता त्याच्या रकमेतून वळता करा. उचललेल्याला अर्ध्या हप्त्याची सवलत द्या आणि बाकी कधी फिटणार ते वहीत लिहून सही घ्या. दोन्ही वेळा त्या महिन्याची तूट संयुक्त खात्यातून भरा आणि वसुली तिथेच परत टाका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक पाणी, कुरणे, जंगल सांभाळणाऱ्या गावांचा अभ्यास केला. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना हेच दिसले: पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा, पुढे चढती. बाकी फिटली की विषय पुन्हा काढायचा नाही. जुने उकरत राहिले की माणूस सुधारण्याऐवजी बाहेर पडतो.

शेवटचे महिनेही नाजूक. भिशी संपणार हे दिसू लागले की उचलून झालेल्यांची भीड कमी होते. म्हणून पुढच्या भिशीची नावे नवव्या महिन्यातच घ्या. नऊपैकी एकही हप्ता न चुकवलेल्यांची नावे आधी लिहा. बाकीच्यांना नव्या सभासदांप्रमाणे सातव्या महिन्यापासूनचा नंबर. चालवणाऱ्याने स्वतः पहिली भिशी घ्यायची असेल, तर बुडालेला हप्ता तो पदरचा भरेल असे आधी लिहून घ्या. नाहीतर त्याचा नंबर शेवटचा.