महाविद्यालयीन मुलींचा व्हॉलीबॉल संघ: हंगामाचे नियोजन आणि सहा रोटेशनची मांडणी

महाविद्यालयाच्या मुलींचा संघ निवडताना बहुतेक ठिकाणी सर्वांत उंच आणि सर्वांत जोरदार स्मॅश मारणाऱ्या सहा मुली आधी ठरतात, आणि त्या मैदानावर कोणत्या क्रमाने उभ्या राहतील याचा विचार सामन्याच्या दिवशी लाइन-अपची चिठ्ठी भरताना होतो. हा क्रम उलटा असायला हवा. समोरच्या संघाकडून सर्व्हिस परत मिळवली की आपली प्रत्येक खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक जागा सरकते, म्हणजे एकच संघ एका सेटमध्ये सहा वेगवेगळ्या रूपांत खेळतो. त्यांपैकी एखादे रूप दुबळे असेल तर ओळीने चार-पाच गुण तिथेच जातात, आणि २५ गुणांच्या सेटमध्ये ते भरून काढणे फार कठीण असते. म्हणून संघ निवडायचा तो सहा नावांचा नव्हे, तर सहा रोटेशनचा, म्हणजे या सहा मांडण्यांचा. पुढील मार्गदर्शन महाविद्यालयांचे क्रीडा संचालक, प्रशिक्षक आणि संघाची सूत्रे स्वतः सांभाळणाऱ्या कर्णधार मुली यांच्यासाठी आहे, आणि ते आपल्याकडील स्पर्धांत लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांना धरून आहे.

हंगामाची आखणी

महाराष्ट्रात महाविद्यालयीन संघाचा हंगाम विद्यापीठाच्या परिपत्रकाने ठरतो. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने होतात आणि मोठ्या विद्यापीठांत त्यांचेही विभागीय आणि आंतरविभागीय असे टप्पे असतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. महाविद्यालयाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सुरुवातीचे सामने बहुधा बाद पद्धतीचे असतात. एक वाईट दिवस आला तर हंगाम संपतो, आणि दुसरी संधी पुढच्या वर्षीच मिळते. त्यामुळे कधीतरी अप्रतिम खेळणाऱ्या संघापेक्षा रोज ठीक खेळणारा संघ घडवणे शहाणपणाचे ठरते.

प्रवेशप्रक्रिया लांबली की प्रथम वर्षाच्या मुली उशिरा येतात, नेमका तेव्हाच पाऊस असतो आणि बहुतेक महाविद्यालयांचे मैदान मातीचे असते. ओल्या मातीवर उडी मारण्याचा सराव अजिबात घेऊ नये. पाय घसरून गुडघा दुखावला तर खेळाडूचे एक पूर्ण वर्ष जाऊ शकते. हे दिवस भिंतीवर चेंडू खेळणे, सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर उचलून देणाऱ्या खेळाडूच्या, पावलांचा सराव, आणि जिमखान्याच्या फरशीवर खडूने मैदान आखून सहाही रोटेशन चालत गिरवणे यासाठी वापरावेत. चेंडूला हातही न लावता आठवडाभर केलेला हा चालण्याचा सराव ऑगस्टअखेर आपली किंमत दाखवतो, असे माझे ठाम मत आहे. मैदान वाळल्यावर सराव सामने सुरू करावेत. जवळपास मुलींचा दुसरा संघ नसेल तर महाविद्यालयाच्या मुलांना केवळ सर्व्हिस करायला बोलवावे. जाळी २.२४ मीटरवरच ठेवावी आणि मुलांनी न फिरणारी, हवेत डगमगणारी फ्लोट सर्व्हिस करावी. अशी सर्व्हिस घेण्याची सवय झालेल्या मुली स्पर्धेत सहसा गोंधळत नाहीत.

सरावाची वेळ ठरवताना शेवटची एसटी, वसतिगृहाची वेळ आणि प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक आधी विचारून घ्यावे. अर्धा संघ रोज वीस मिनिटे आधी निघत असेल तर सहा जणींचे रोटेशन कधीच पूर्ण बसत नाही.

भूमिका कशा ठरवाव्यात

निवडीची पहिली चाचणी स्मॅशची नव्हे, सर्व्हिस घेण्याची असावी. प्रत्येक मुलीला वीस सर्व्हिस द्याव्यात आणि प्रत्येक चेंडूला शून्य ते तीन गुण द्यावेत. चेंडू जाळीपासून साधारण एक मीटरवर, सेटरच्या ठरलेल्या जागी पोहोचला आणि तिला पुढच्या सगळ्या स्मॅशरपैकी कोणालाही चेंडू देता आला तर तीन. तिला सरकावे लागले पण दोन पर्याय उरले तर दोन. कसाबसा उंच चेंडू काढता आला तर एक. आणि गुण गेला तर शून्य. या चाचणीतून लिबेरो (फक्त मागच्या रांगेत बचाव करणारी खेळाडू) आणि दोन आउटसाइड हिटर (जाळीच्या डाव्या टोकावरून स्मॅश मारणाऱ्या) निवडाव्यात. उत्तम स्मॅश मारणारी पण या चाचणीत सरासरी एकच्या आसपास राहणारी मुलगी आउटसाइडला ठेवली तर समोरचा संघ प्रत्येक सर्व्हिस तिच्यावरच टाकतो. तिला ऑपोझिट, म्हणजे सेटरच्या समोरच्या जागेवरची आणि जाळीच्या उजव्या टोकावरून मारणारी स्मॅशर म्हणून खेळवावे, कारण त्या जागेवरून सर्व्हिस घेण्याची जबाबदारी टाळता येते.

खो-खो आणि कबड्डीतून आलेल्या मुली खाली वाकण्यात आणि झेपावण्यात तरबेज असतात. त्यांच्यातून चांगल्या लिबेरो मिळतात. उंच उडी खेळणाऱ्या मुलीला मिडल ब्लॉकरचे, म्हणजे जाळीच्या मध्यभागी उडी मारून समोरचा स्मॅश अडवण्याचे काम लवकर जमते, कारण धावत येऊन लयीत उडी घेणे तिच्या अंगात असते. डावखुरी मुलगी मिळाली तर तिला ऑपोझिट किंवा सेटर करण्याचा विचार आधी करावा. जाळीच्या उजव्या टोकावरून स्मॅश मारताना सेटरचा चेंडू तिच्या मारत्या हातापर्यंत सहज येतो, तर उजव्या हाताने मारणाऱ्या मुलीला तोच चेंडू अंगावरून पलीकडे जाऊ द्यावा लागतो.

सेटर निवडताना हाताच्या मऊपणाइतकेच पायांकडे पाहावे. वाईट रिसेप्शनच्या (सर्व्हिस घेऊन दिलेल्या पहिल्या) चेंडूखाली वेळेवर पोहोचणारी मुलगी सुंदर पण जागेवर उभे राहून सेट करणाऱ्या मुलीपेक्षा जास्त उपयोगी असते. एकच भरवशाची सेटर असेल तर पाच स्मॅशर आणि एक सेटर ही ५-१ पद्धत घ्यावी. रिसेप्शन कच्चे असलेल्या नव्या संघाने मात्र ४-२ पद्धतीचा संकोच बाळगू नये. तिच्यात दोन सेटर समोरासमोरच्या जागांवर असतात आणि पुढच्या रांगेत असलेली सेटर चेंडू सेट करते. ती आधीच जाळीजवळ असल्यामुळे मागून धावत येण्याची गरज पडत नाही. पुढे दोनच स्मॅशर उरतात ही तिची मर्यादा आहे, पण चेंडू सेटरपर्यंत पोहोचतच नसेल तर तिसरी स्मॅशर असून उपयोग नाही.

रोटेशनचा क्रम

जागांचे क्रमांक सर्व्हिसच्या क्रमाने मोजतात: मागे उजवीकडे १, पुढे उजवीकडे २, पुढे मध्ये ३, पुढे डावीकडे ४, मागे डावीकडे ५ आणि मागे मध्ये ६. ५-१ पद्धतीत सेटर आणि ऑपोझिट, दोन आउटसाइड आणि दोन मिडल या जोड्या एकमेकींच्या समोर, म्हणजे तीन जागांच्या अंतरावर ठेवतात. प्रश्न असतो तो दोघींपैकी कोणती आउटसाइड आणि कोणती मिडल सेटरच्या शेजारी ठेवायची हा.

माझी शिफारस अशी की सेटर १ वर असताना चांगली आउटसाइड २ वर, म्हणजे सेटरच्या पाठोपाठ सर्व्हिस करणारी असावी आणि चांगली मिडल ६ वर, म्हणजे सेटरच्या आधी सर्व्हिस करणारी असावी. कारण सेटर जेव्हा पुढच्या रांगेत येते तेव्हा आपल्याकडे पुढे दोनच स्मॅशर उरतात, आणि अशा तीन रोटेशनपैकी दोनांत ही आउटसाइड तिच्याबरोबर पुढे असते. मिडलचेही तसेच होते. उरलेल्या तीन रोटेशनमध्ये ऑपोझिट पुढे असते, स्मॅशर तीन असतात आणि दुसऱ्या आउटसाइडवरचा भार हलका होतो.

या क्रमातील सर्वांत अडचणीचे रोटेशन म्हणजे सेटर १ वर असतानाची रिसेप्शन. नियम असा की समोरून सर्व्हिस मारली जाण्याच्या क्षणी २ वरील खेळाडू १ वरच्या पुढे आणि ३ वरच्या उजवीकडे असली पाहिजे. आपली मुख्य आउटसाइड या वेळी २ वर, म्हणजे उजवीकडे अडकते आणि ऑपोझिट ४ वर, म्हणजे डावीकडे जाते. आउटसाइड सर्व्हिस घेण्यासाठी मागे सरकली तर सेटरला तिच्याही मागे उभे राहावे लागते आणि जाळीपर्यंतची तिची धाव लांबते. यावर दोन उपाय आहेत. पहिल्यात आउटसाइडने उजव्या बाजूने सर्व्हिस घ्यावी, त्या रॅलीपुरती उजवीकडूनच स्मॅश मारावी आणि ऑपोझिटला डावीकडून मारायचा सराव आधीपासून द्यावा. चेंडू पलीकडे गेल्यावर दोघींनी जागा बदलाव्यात. दुसऱ्यात आउटसाइडला जाळीजवळ उभे करावे आणि सेटरला तिच्या लगेच मागे ठेवावे, म्हणजे सेटर दोन पावलांत जागेवर पोहोचते. मात्र मग लिबेरो आणि दुसरी आउटसाइड या दोघींना जवळजवळ पूर्ण मैदान सांभाळावे लागते. सेटर मंद असेल तर दुसरा आणि रिसेप्शन दुबळे असेल तर पहिला उपाय घ्यावा, पण ऐन सामन्यात एकातून दुसऱ्यात उड्या मारू नयेत.

सेटर मागच्या रांगेत असताना आणखी एक चूक वारंवार गुण घालवते. रिसेप्शन जाळीच्या अगदी वर येते, सेटर उडी मारून तो चेंडू पलीकडे ढकलते आणि पंचांची शिट्टी वाजते. मागच्या रांगेतील खेळाडूला पुढच्या तीन मीटरच्या पट्ट्यातून, जाळीपेक्षा पूर्णपणे वर असलेला चेंडू पलीकडे पाठवता येत नाही, आणि तिला ब्लॉकही करता येत नाही. सेटरने प्रत्येक सर्व्हिसआधी आपण पुढे आहोत की मागे, हे बोटांनी खूण करून सगळ्यांना दाखवावे.

सहा बदलांचे गणित

अमेरिकेतील विद्यापीठांचे सामने आपल्या मुली आता आवडीने पाहतात, आणि त्यांनी ते पाहावेत. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींच्या सामन्याला ९२,००३ प्रेक्षक होते, हे वाचून कोणत्याही खेळाडूला बळ येईल. पण तिथली व्यूहरचना जशीच्या तशी उचलता येत नाही. तिथल्या महाविद्यालयीन नियमांत एका सेटमध्ये १५ वेळा खेळाडू बदलता येतात आणि लिबेरोला एका रोटेशनमध्ये सर्व्हिसही करता येते. त्यामुळे तिथे दोन सेटरची ६-२ पद्धत सुखाने चालते. पुढच्या रांगेत येणारी प्रत्येक सेटर बाहेर जाते आणि तिच्या जागी स्मॅशर येते. आपल्याकडे एका सेटमध्ये सहाच बदल मिळतात, बाहेर गेलेली मूळ खेळाडू एकदाच आणि तेही आपल्याच जागी परत येऊ शकते, आणि लिबेरो सर्व्हिस करू शकत नाही. सततच्या बदलांवर आधारलेली ६-२ इथे दुसऱ्या फेरीतच अडकते.

म्हणून हे सहा बदल आधीच वाटून ठेवावेत. सेटर बुटकी असेल तर ती पुढच्या रांगेत येताच तिच्या जागी उंच राखीव स्मॅशर आणि त्याच वेळी मागे गेलेल्या ऑपोझिटच्या जागी राखीव सेटर आणावी. तीन रोटेशननंतर दोघींना परत बोलवावे. यात चार बदल खर्च होतात आणि हे सेटमध्ये एकदाच करता येते, त्यामुळे ते १२-१३ गुणांनंतर केलेले बरे. उरलेले दोन बदल सर्व्हिससाठी किंवा मागे बचावासाठी ठेवावेत. लिबेरोची अदलाबदल या सहांत मोजली जात नाही. ती साधारणपणे मागे गेलेल्या मिडलच्या जागी येते. मिडलला स्वतःची सर्व्हिस मात्र करावीच लागते, म्हणून मिडल मुलींच्या सर्व्हिसचा सराव दुर्लक्षित राहू नये.

नोंदी आणि सामन्याचा दिवस

बाकावरच्या एका मुलीला वही देऊन सेटर कोणत्या जागेवर असताना समोरून किती सर्व्हिस आल्या आणि त्यांतील किती वेळा आपण गुण जिंकला, एवढेच लिहायला सांगावे. समजा काही सराव सामन्यांत सेटर १ वर असताना २० पैकी ८ वेळा आणि ४ वर असताना २० पैकी १२ वेळा गुण मिळाला, तर दुखणे कुठे आहे हे वादाशिवाय कळते. मग चिठ्ठीत सुरुवात अशी करावी की दुबळे रोटेशन सर्वांत शेवटी येईल: सेटर १ वरचे रोटेशन दुबळे असेल तर सेटरला ६ वर ठेवून सेट सुरू करावा. ती पुढे ५, ४, ३, २ अशी सरकत शेवटी १ वर येते, आणि सेटमध्ये त्या रोटेशनला तोंड देण्याची वेळ कमीत कमी येते.

प्रत्येक सेटआधी नवी चिठ्ठी देता येते, याचा फायदा घ्यावा. पहिल्या सेटमध्ये समोरची बुटकी सेटर पुढे असताना आपली मुख्य आउटसाइड मागे जात असेल, तर दुसऱ्या सेटची सुरुवात एक-दोन जागा पुढे-मागे करून दोघींना समोरासमोर आणावे. आपल्या आउटसाइडला कमी उंचीच्या ब्लॉकवरून मारायला मिळते. समोरचा प्रशिक्षकही हेच करू शकतो, म्हणून त्याने सलग दोन सेट एकच सुरुवात ठेवली आहे का, हे वहीत पाहावे.

प्रत्येक सेटमध्ये ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट मिळतात. समोरच्या संघाने ओळीने तीन गुण घेतले की पहिला घ्यावा, पाचव्या गुणाची वाट पाहू नये. त्या ३० सेकंदांत एकच सूचना द्यावी आणि ती पुढच्या रिसेप्शनबद्दल असावी: कोण कुठे उभी राहणार आणि पहिला चेंडू कोणाला द्यायचा.

निर्णायक सेट १५ गुणांचा असतो आणि त्याआधी नाणेफेक पुन्हा होते. या सेटमध्ये सहाही रोटेशन अनेकदा फिरून येत नाहीत, म्हणून वहीतील सर्वांत मजबूत रोटेशनपासून सुरुवात करावी आणि आपले रिसेप्शन भरवशाचे असेल तर नाणेफेक जिंकल्यावर सर्व्हिस करण्याऐवजी रिसेप्शन निवडावे. आठव्या गुणावर बाजू बदलतात तेव्हा खेळाडूंचा क्रम तोच राहतो, पण धावपळीत मुली चुकीच्या जागी उभ्या राहतात आणि एक गुण फुकट जातो; बाजू बदलताना पुढे कोण आणि सर्व्हिस कोणाची, हे कर्णधाराने मोठ्याने सांगावे.