गावात साथ आली की आजारी नसलेल्यांच्या घरीही जा

नव्याने रुजू झालेल्या आरोग्यसेवकांसाठी आणि आशाताईंसाठी हे लिहितोय. माझी नोकरी करवीर तालुक्यात आरोग्य सहाय्यक म्हणून झाली. पावसाळ्यात जुलाब-उलटीचा फोन ठरलेला, आणि आपण पोहोचायच्या आत गावाने निकाल दिलेला असतो. "पाणीच वाईट हाय साहेब, लिहून टाका." नाहीतर, "परवाच्या म्हाप्रसादातलं कायतरी." दोन्ही खरं असू शकतं. पण लिहून टाकायचं नाही, मोजायचं.

उपचार आणि क्लोरिनेशन तपासासाठी थांबवायचं नाही, हे सांगायला नको. ओआरएस वाटा, अंगातलं पाणी कमी झालेले पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवा आणि वही काढा.

साथ खरंच आहे का, ते आधी बघा. ओपीडीच्या नोंदवहीत गेल्या वर्षीचे हेच आठवडे काढून आकडा ताडून पाहा. खासगी डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला विचारा, कारण लोक आधी तिकडेच जातात. कधी कधी आकडा नेहमीचाच असतो, फक्त या वेळी पेशंट सरपंचांच्या घरात निघालेला असतो.

मग पेशंट कुणाला म्हणायचं ते पहिल्या पानावर लिहा. उदाहरणार्थ, अमुक तारखेनंतर या गावात राहणाऱ्या ज्याला 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब झाले, तो. हे ठरवलं नाही तर एक ताई पोटदुखीवालाही मोजते आणि दुसरी फक्त सलाईन लावलेला.

यादीत वय, लिंग, गल्ली, पिण्याचं पाणी कुठलं आणि त्रास कधी सुरू झाला एवढं हवंच. शेवटचा रकाना सगळ्यात अवघड. घड्याळाची वेळ कुणाला आठवत नाही. "डेअरीला दूध घालायच्या आधी का नंतर?" असं विचारा. सकाळ-संध्याकाळची वेळ लगेच हाती लागते.

या वेळा चौकटीच्या कागदावर मांडा, एका पेशंटला एक चौकोन. एकदम उंच टोक येऊन लगेच उतरलं, तर बहुधा सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट खाल्ली-प्यायली. दिवसेंदिवस चढत गेलं, तर स्रोत अजून चालू आहे किंवा एकाचं दुसऱ्याला लागतंय. जेवणानंतर काही तासांतच उलट्यांनी सुरुवात झाली तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्या. 12 ते 36 तासांनी ताप-जुलाब आले तर साल्मोनेलासारख्या जंतूचा. कावीळ असेल तर हिशेबच वेगळा. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून कावीळ करणारा हिपॅटायटिस ई हा विषाणू शरीरात शिरल्यापासून दिसायला दोन ते दहा आठवडे घेतो. म्हणून गेल्या आठवड्यातलं पाणी काय विचारता, महिना-दीड महिन्यापूर्वी पाइपलाइन कुठे खणली होती ते विचारा.

आता खरं काम. समजा म्हाप्रसादाला जेवलेल्या 100 जणांना तुम्ही विचारलं आणि त्यातले 40 आजारी निघाले. त्या 40 पैकी 37 जणांनी आमटी खाल्ली होती आणि 36 जणांनी खीर. फक्त आजाऱ्यांनाच विचारलं असतं, तर आमटीवर खापर फुटलं असतं. आता सगळ्या 100 जणांचं बघा. आमटी खाल्लेले 90, त्यातले 37 आजारी, म्हणजे 41 टक्के. न खाल्लेले 10, त्यातले 3 आजारी, म्हणजे 30 टक्के. फार फरक नाही, आमटी जवळजवळ सगळ्यांच्याच पानात होती. खीर खाल्लेले 60, त्यातले 36 आजारी, म्हणजे 60 टक्के. न खाल्लेले 40, त्यातले फक्त 4 आजारी, म्हणजे 10 टक्के. सहापट! धरायची ती खीर. हा हिशेब जमतो तो धडधाकट 60 माणसांमुळे, आणि त्यांच्याच घरी कुणी जात नाही. "आमाला काय झालं न्हाई, आमाला कशाला इचारता?" असं ते म्हणणारच. तरी उंबऱ्यावर बसा आणि पानात काय काय होतं ते विचारा.

खीर न खाताही आजारी पडलेल्या चौघांना सोडू नका. वाढायचा डाव एकच होता का? घरच्या पेशंटची सेवा केली होती का? अपवाद पुष्कळ शिकवतात. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी हेच केलं. त्यांचा संशय रस्त्यावरच्या पाण्याच्या पंपावर होता. पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई मात्र गेली. तिला चव आवडायची म्हणून ती तिथूनच पाणी मागवायची. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो 1880 च्या दशकात. पाणी बंद करायला पंपाचा दांडा त्याच्या कितीतरी आधी काढला होता.

पाण्याचा संशय असेल तर टाकी, व्हॉल्व्ह आणि गल्ल्यांचा हाताने नकाशा काढून पेशंटचे ठिपके टाका. ठिपके एका व्हॉल्व्हच्या पुढेच दिसले, तर पाणी सोडणाऱ्या माणसाला घेऊन ती लाइन चालत जा. गटारातून गेलेली नळजोडणी कागदावर सापडत नाही. पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ओटी चाचणी टाकीपाशी करून समाधान मानू नका, लाइनच्या शेवटच्या नळाला करा. तिथे लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन हवा. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतंही उघडून बघा. चांगल्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण ओलीत तोंड उघडं राहिलं की तो उडून जातो.

शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्या. पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी प्रयोगशाळेला पाठवा.

पेशंट यायचे थांबले तरी वही लगेच मिटायची नाही. त्या आजाराला दिसायला जास्तीत जास्त जेवढे दिवस लागतात, त्याच्या दुप्पट दिवस घरोघरी फिरायचं. काविळीत गरोदर बायांची यादी पहिल्याच दिवशी वेगळी करा. हिपॅटायटिस ई त्यांना शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेततो, म्हणून डोळे पिवळे दिसायची वाट न बघता दर फेरीत आधी त्यांच्या घरी जा.