बाखचं समग्र संगीत जमवताय? या चुका टाळा

योहान सेबास्टियन बाखचं (१६८५–१७५०) सगळं संगीत आपल्या कपाटात असावं, असं मनात आलं की हात आधी मोठ्या संचाकडे जातो. टेल्डेक या रेकॉर्ड कंपनीचा ‘बाख २०००’ १५३ सीडींचा, २०१८ मध्ये आलेला ‘बाख ३३३’ तब्बल २२२ सीडींचा. साहजिकच दुसरा अधिक पूर्ण वाटतो. पण ‘बाख ३३३’मध्ये त्याच रचना वेगवेगळ्या कलाकारांकडून, जुन्या-नव्या ध्वनिमुद्रणांतून पुन्हा पुन्हा येतात. त्याही ऐकण्यासारख्या आहेत, पण त्यांनी बाखच्या रचना वाढत नाहीत. संग्रह मोजायचा तो रचनांनी, आणि त्यासाठी खरेदीआधी स्वतःची यादी हवी.

क्रमांकांवर भिस्त ठेवणं

यादी करायला बसलात की बीडब्ल्यूव्ही, म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतले क्रमांक समोर येतात. वोल्फगांग श्मीडरने १९५० मध्ये केलेली ही सूची कालक्रमानुसार नाही, प्रकारानुसार आहे: आधी कँटाटा (गायक, कोरस आणि वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना), पुढे मोटेट (कोरससाठीची धार्मिक रचना), मास (चर्चच्या प्रार्थनाविधीचं संगीत) आणि पॅशन (येशूच्या यातना आणि मृत्यूची कथा गाणारी रचना), मग ऑर्गन, मग हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य). त्यामुळे कँटाटा क्रमांक १ हा १७२५ चा, तर क्रमांक ४ त्याच्या उमेदवारीच्या काळातला.

शिवाय सूचीत असलेलं सगळंच बाखचं नाही. क्रमांक १५ त्याचा नातलग योहान लुडविग बाख याचा, १४१ आणि १६० टेलेमानचे, ५३ मेल्खिओर हॉफमनचा. पियानो शिकणारं प्रत्येक मूल वाजवतं तो जी मेजरमधला मिन्युएटही ख्रिस्तियान पेट्झोल्डचा आहे. म्हणून एखाद्या संचात १५ नंबर सापडला नाही तर दुकानदाराला तक्रारीचा मेल पाठवू नका. संपादकाने तो जाणूनबुजून गाळलेला असतो. उलट २४७ क्रमांकाची सेंट मार्क पॅशन. तिचे शब्द उरले, संगीत हरवलं. बाजारात मिळतात त्या सगळ्या पुनर्रचना. यादीत तसं स्पष्ट लिहा.

एका रचनेचं एकच रूप धरणं

बाख आपल्याच कामावर पुन्हा पुन्हा हात फिरवत असे. सेंट जॉन पॅशन १७२४ मध्ये झाली, १७२५ मध्ये सुरुवातीचा कोरसच बदलला, आणि १७४९ पर्यंत फेरफार चालू राहिले. माग्निफिकाट, म्हणजे मरियेचं स्तुतिगीत, आधी ई फ्लॅट पट्टीत (२४३ए), नंतर डी पट्टीत (२४३). ‘इख हाबं गेनुग’ हा ८२ क्रमांकाचा कँटाटा १७२७ मध्ये बास आवाजासाठी होता, पुढे सोप्रानोसाठी बासरीसह आला. यांतलं एकच रूप ठेवून रचनेपुढे बरोबरची खूण केलीत, तर संग्रहातलं सगळ्यात रंजक दालनच बंद होतं.

कलाकार न ऐकता संच घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काळाच्या ओघात टिकून राहिलेले सुमारे २०० कँटाटा म्हणजे संग्रहाचा कणा, आणि तेच कसे गायलेत यावर पुढची कितीतरी वर्षं तुम्ही संच उघडणार की नाही हे ठरतं. हार्नोनकूर आणि लेओनहार्ट या संगीत-संचालकांनी १९७१ ते १९८९ या काळात जुनी वाद्यं आणि मुलांचे आवाज घेऊन ते पूर्ण केले. काही ठिकाणी कोवळा सोप्रानो डळमळतो, पण त्या स्वरातला कच्चेपणा काही केल्या विसरता येत नाही. हेल्मुट रिलिंगकडे आधुनिक वाद्यं आणि स्त्रियांचे भरीव आवाज. मासाआकी सुझुकीने १९९५ ते २०१३ मध्ये जपानमधल्या कोबे इथे धार्मिक कँटाटा ५५ भागांत ध्वनिमुद्रित केले. माझा कौल त्याला: कोरस नितळ, आणि शब्द उच्चारण्यात भक्ती जाणवते. एकच कँटाटा, समजा १४०, तिघांकडून ऐका आणि मगच पैसे मोजा. नेदरलँड्स बाख सोसायटीच्या चित्रफिती इंटरनेटवर मोफत आहेत, त्यांनीही कान तयार होतो.

घेताना मुखपृष्ठाऐवजी कलाकार आणि ध्वनिमुद्रणाचं वर्ष पाहा. ‘बाख २०००’मधले धार्मिक कँटाटा हार्नोनकूर-लेओनहार्ट यांचेच आहेत, त्यांचा वेगळा संच आधी असेल तर साठ सीडी दोनदा घेतल्यासारखं होईल. स्वस्त संचात पुष्कळदा गाण्यांचे शब्द नसतात. शब्दांशिवाय कँटाटा अर्धाच पोचतो, तेव्हा भाषांतर आधी शोधून ठेवा.

जुन्या सीडी न तपासणं

सेकंडहँड घेताना ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ असा छाप दिसला तर सीडी उजेडात धरा. ब्लॅकबर्नच्या त्या कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास निघालेल्या काही सीडी कडेपासून तांबूस पडत जातात आणि शेवटी वाजेनाशा होतात. जुन्या जाड डब्यांतला फोमचा तुकडा लगेच काढून टाका. तो विरघळून सीडीला चिकटतो. मुंबई-कोकणच्या पावसात पुस्तिकांना बुरशी येते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

फाइलींचा घोळ

- ‘बाख’, ‘जे. एस. बाख’ आणि ‘बाख, योहान सेबास्टियन’ हे प्लेअरला तीन वेगळे संगीतकार वाटतात. एकच रूप ठरवा.
- क्रमांक चार अंकी लिहा: ०००२, ००१०. नाहीतर काही प्लेअरमध्ये १० हा २ च्या आधी येतो.
- एमपी३ ऐवजी फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवणारा फाइल-प्रकार) वापरा आणि प्लेअरमधली गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी सोय चालू ठेवा. सेंट मॅथ्यू पॅशनमध्ये येशूच्या अटकेच्या द्वंद्वगीताला लागूनच विजा-गर्जनांचा कोरस कोसळतो. तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता आली तर तो प्रसंगच मोडतो.
- कॉपी करताना चुका तपासणारं सॉफ्टवेअर वापरा, आणि दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा.

यादी बंद करणं

२००५ मध्ये वायमारला ११२७ क्रमांकाचं गीत सापडलं. १९९९ च्या ‘बाख २०००’मध्ये ते असणं शक्यच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लाइपझिगला ऑर्गनच्या दोन शाकोन (खालची एकच सुरावट फिरून फिरून येणाऱ्या) रचना बाखच्या म्हणून जाहीर झाल्या, क्रमांक ११७८ आणि ११७९. त्या ‘बाख ३३३’मध्येही नाहीत. या तिन्ही रचना यादीत आधी लिहा आणि सुट्या मिळवा.