जमिनीच्या आधी बे बघा: सोलर प्रकल्प ग्रिडला जोडताना

महिन्यातून एकदा तरी असा फोन येतोच. "ताई, दोनशे एकर जमीन हाताशी आहे, सोलर टाकायचंय, ग्रिडच्या परवानगीचं तेवढं बघा." मी विचारते, बे कुठला? पलीकडे शांतता.

बार्शीत राहून सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात मी ग्रिड जोडणीचं काम करते. चौदा वर्षं झाली. ऊन चांगलं, माळरान मोकळं, शेतकरी भाड्याने जमीन द्यायला तयार, आणि तरीही प्रकल्प बसलेला. असं जिथे जिथे पाहिलं, तिथे बहुतेक वेळा दुखणं एकच होतं: वीज बाहेर न्यायला वाट नव्हती. बे म्हणजे सबस्टेशनातली तुमच्या लाइनची जागा. ब्रेकर, आयसोलेटर, सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) आणि तुमची तार जिथे येऊन बसते ती गॅन्ट्री, एवढा सगळा संच. तो मिळाला तर प्रकल्प, नाहीतर नुसती जमीन.

आधी ठरवा, कुणाच्या जाळ्यात शिरायचं. प्रकल्प दोन-पाच मेगावॅटचा असेल तर महावितरणच्या 11, 22 किंवा 33 केव्हीवर जा, पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही. त्याहून मोठा असेल आणि वीज राज्यातच विकायची असेल तर महापारेषणचं 132 किंवा 220 केव्ही सबस्टेशन. आंतरराज्य जाळ्यात शिरायचं असेल तर प्रकल्प किमान 50 मेगावॅटचा हवा, किंवा शेजारच्यांना घेऊन एकाच्या पुढाकाराने 50 ची बेरीज जमवायची. तिथला अर्ज सेंट्रल ट्रान्समिशन युटिलिटीकडे जातो, आम्ही सगळे नुसतं 'सीटीयू' म्हणतो. हे काम पूर्वी पॉवरग्रिड बघायची, एप्रिल 2021 पासून त्यासाठी वेगळी कंपनी आहे.

आंतरराज्य जाळ्याची ओढ होती ती पारेषण शुल्काच्या माफीमुळे. 30 जून 2025 पर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांना पूर्ण माफी मिळाली. त्यानंतर दरवर्षी ती पाव हिश्श्याने उतरते: जून 2026 पर्यंत 75 टक्के, मग 50, मग 25, आणि जून 2028 नंतर काही नाही. म्हणून हिशोब आजच्या तारखेवर करू नका. तुमचा प्रकल्प खरोखर चालू होईल त्या तारखेवर करा, आणि त्यात सहा महिन्यांचा उशीर धरून पुन्हा एकदा करा. दुसऱ्या हिशोबातही पैसे सुटत असतील तरच पुढे जा.

आता नियम का बदलले ते समजून घ्या, म्हणजे अर्जात काय मागतात आणि का मागतात ते कळेल. 2009 च्या नियमांत दोन वेगळे अर्ज होते. एक दारातून आत शिरण्याचा, म्हणजे कनेक्टिव्हिटी. दुसरा त्या रस्त्याने वीज न्यायचा, म्हणजे दीर्घ मुदतीचा प्रवेश, आणि त्यात वीज देशाच्या कुठल्या भागात जाणार तेही सांगावं लागे. ज्याचा ग्राहकच ठरलेला नाही त्याने हे सांगायचं कसं? मग लोक दार अडवून ठेवत आणि रस्त्याचा अर्ज लांबवत. कागदावरच्या प्रकल्पांच्या नावाने बे अडकून राहिले आणि खरं काम करणारा बाहेर ताटकळला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2022 मध्ये नवे नियम आणले, ते एप्रिल 2023 पासून चालू झाले. आता कनेक्टिव्हिटी मिळाली की तेवढ्या क्षमतेचा जाळ्यातला प्रवेशही मिळाल्याचं धरतात. त्याला जीएनए म्हणतात. वीज कुठे जाणार हे आधी सांगावं लागत नाही. मात्र रांगेत उभं राहायचं तर तयारी दाखवावी लागते.

ही तयारी तीन तऱ्हांनी दाखवता येते. वीज खरेदीचं पत्र किंवा करार. नाहीतर लागणाऱ्या जमिनीपैकी निम्म्या जमिनीची नोंदणीकृत कागदपत्रं. नाहीतर जमिनीऐवजी मेगावॅटला 10 लाख रुपयांची बँक गॅरंटी. 50 मेगावॅटला ती 5 कोटींची होते.

जमिनीची वाट धरणार असाल तर इथे थांबून नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकलेले मी पाहिलेत. 2023 मध्ये मी एका कंपनीचं काम करत होते. 50 मेगावॅटला आम्ही 225 एकर धरले होते, निम्मे म्हणजे एकशे साडेबारा. हातात 116 एकर. सगळे खूश. कागद लावताना एका गटाचा सातबारा उघडला, सात एकरांचा. मालक वारलेले, वारस नोंद झालेली, भाडेपट्ट्यावर दोन्ही मुलांच्या सह्या. फेरफार काढून बघितला तर वारसांत दोन मुलीही होत्या, एक पुण्याला, एक सुरतेला. त्यांच्या सह्या नाहीत. सात एकर गेले, उरले 109. बहिणींना आणून, दुय्यम निबंधकाकडे वेळ घेऊन पुरवणी दस्त करेपर्यंत अडीच आठवडे गेले. तेवढ्यात त्या सबस्टेशनावरचा शेवटचा मोकळा बे दुसऱ्या अर्जदाराला गेला. बहिणींची काही चूक नव्हती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि ते विचारणं आमचं काम होतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. फक्त सातबारा बघायचा नाही. 8अ बघायचा, गेल्या तीस वर्षांचे फेरफार बघायचे आणि वारसांची यादी घरात बसून, घरातल्या बायकांना विचारून करायची. त्यांना सगळी नाती तोंडपाठ असतात. जमीन वर्ग 2 ची आहे का, देवस्थान इनाम आहे का, हे पहिल्याच दिवशी बघायचं. नोटरी केलेला समजुतीचा कागद अर्जाला चालत नाही. साठेखतावरही विसंबू नका. नोंदणीकृत खरेदीखत किंवा भाडेपट्टाच हवा. आणि लागते त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जमीन जास्त ठेवा.

पण हे सगळं बे बघून झाल्यावर. सीटीयू आपल्या संकेतस्थळावर कुठल्या सबस्टेशनात किती क्षमता दिली गेली आणि किती शिल्लक आहे याची यादी टाकते. ती यादी बघा, आणि मग स्वतः जाऊन ते सबस्टेशन बघा. आमच्या भागातलं उदाहरण म्हणजे कळंबचं 400/220 केव्ही पूलिंग स्टेशन. परळी-पुणे 400 केव्ही लाइन तिथे आत वळवून घेतली आहे आणि आजूबाजूची पवन-सौर वीज 220 वर गोळा होते. अशा ठिकाणी गेलात की कुंपणाबाहेरून चालत फेरी मारा. 220 ची गॅन्ट्री कुठल्या दिशेला तोंड करून आहे? तुमची जमीन त्या बाजूला आहे की मागच्या? मागच्या बाजूला असेल तर तुमच्या लाइनला आधीच्या लाइनींखालून जावं लागेल, आणि कागदावरची 9 किलोमीटरची लाइन 13 ची होईल.

आणखी एक गोष्ट. नियोजनात 220 केव्हीच्या एका बेमधून साधारण 300 मेगावॅट नेता येतात असं धरतात. 50 वाल्याने आख्खा बे अडवणं कुणालाच परवडत नाही. शेजारचा प्रकल्प शोधा, बे आणि लाइन वाटून घ्या, पण वाटणीचा करार अर्जाआधी करा: नुकसान कोण सोसेल, मीटर कुठे बसेल, एकाने हप्ता चुकवला तर दुसऱ्याची वीज थांबेल का. मित्रांमध्येही हे लिहून ठेवा.

अर्ज ऑनलाइन होतो, फी 5 लाख अधिक कर. त्रुटी निघाली तर ती दूर करायला मोजके दिवस मिळतात, म्हणून सह्या करणारा माणूस त्या काळात गावाला जाऊ देऊ नका. पश्चिम विभागाच्या अर्जांवर सीएमईटीएस नावाच्या बैठकीत चर्चा होते. तिचं इतिवृत्त वाचायची सवय लावा, तुमच्या शेजारी कोण येतंय ते तिथेच कळतं. मग तत्त्वतः मंजुरी येते, आणि खरी धावपळ त्यानंतर. महिन्याभरात बँक गॅरंट्या द्यायच्या असतात: 50 लाखांची पहिली, आणि त्याशिवाय तुमच्यासाठी नवा बे किंवा यंत्रणा बांधायची असेल तर त्या हिशोबाची, नाहीतर आहे त्याच यंत्रणेवर जोडणार असाल तर मेगावॅटला 2 लाखांची. बँकेशी मंजुरी यायच्या आधी बोलून ठेवा. मसुद्यातला एक शब्द बदलायला शाखा मुख्य कार्यालयाला विचारते आणि त्यात आठ दिवस जातात.

लाइन तुम्हालाच बांधायची आहे. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के मोबदला सांगितला आहे. शेतकऱ्याशी बोलताना हा आकडा तुम्ही आधी सांगा, त्याला शोधायला लावू नका. वैरागच्या बाजूला एक आजी मला म्हणाल्या होत्या, "बाई, खांब कुठंबी रोव, पर माझ्या हिरीपसनं लांब." आम्ही टॉवर 40 मीटर सरकवला. नकाशात एक कोन वाढला, खर्च थोडा वाढला, पण त्या गावात पुन्हा काम अडलं नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूने रेघ ओढायचा मोहही टाळा. अंतर वाचतं, पण परवानग्यांत वर्ष जातं.

तांत्रिक बाजूला एकच सांगते, इन्व्हर्टर मागवायच्या आधी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणीच्या निकषांवर त्याची चाचणीपत्रं मागा. ग्रिडमध्ये कुठे फॉल्ट झाला आणि व्होल्टेज 15 टक्क्यांपर्यंत कोसळलं, तरी 300 मिलिसेकंद तुमचा प्रकल्प ग्रिडपासून सुटता कामा नये. शेकडो मेगावॅट एकदम सुटले तर छोट्या फॉल्टचा मोठा अंधार होतो. इन्व्हर्टरचं संगणकीय मॉडेल कंपनीकडून खरेदीच्या करारातच लिहून घ्या. माल आल्यावर मॉडेल मागितलं तर कुणी फोन उचलत नाही.

शेवटी पहिलं चार्जिंग, म्हणजे लाइन पहिल्यांदा ग्रिडला जोडून तिच्यात वीज सोडणं. कागद मुंबईतल्या पश्चिम विभागीय भार प्रेषण केंद्राकडे जातात. चार्जिंगच्या दिवशी कंट्रोल रूममध्ये दोनच गोष्टी महत्त्वाच्या, फोन आणि वही. प्रेषण केंद्र कोड देतं, तुम्ही तो वहीत वेळेसकट लिहिता, मोठ्याने वाचून दाखवता, आणि मगच ब्रेकरला हात लागतो. कोड न घेता काही करायचं नाही, साहेब मागे उभे राहून घाई करत असले तरी. नंतर चाचणी: एकाच दिवसात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, मिळून किमान चार तास वीज जायला हवी. पावसाळ्यात ही तारीख ठेवू नका.

2025 च्या दुरुस्तीने एक चांगली वाट उघडली आहे. सौर प्रकल्पाचा बे रात्रभर रिकामा असतो. आता दिवसाच्या सौर तासांचा आणि बाकीच्या तासांचा प्रवेश वेगळा करता येतो, म्हणजे त्याच बेवरून रात्री पवन किंवा बॅटरीची वीज जाऊ शकते. बे शिल्लक नाही असं उत्तर आलं तर परत फिरू नका, हा प्रश्न विचारा.

बँक गॅरंटीची वाट मात्र मला अजून खटकते. ज्याच्याकडे 5 कोटी आहेत तो एकही शेतकरी न भेटता रांगेत पुढे उभा राहतो, आणि ज्याने शंभर एकरांचे सातबारे जुळवले तो मागे. जमिनीचे कागद त्याला नंतर द्यावे लागतात हे खरं, पण तोवर बे अडलेलाच. माझं म्हणणं आहे की ही मुदत आखडावी. हे मी आयोगाला लिहून कळवते, आणि तुम्हीही कळवा. प्रत्येक दुरुस्तीआधी आयोग मसुदा जाहीर करतो आणि सूचना मागवतो. वकील लागत नाही. चार रकाने करा: नियमाचा क्रमांक, मसुद्यातला मजकूर, तुम्हाला हवा तो मजकूर, कारण. कारणाच्या रकान्यात मतं लिहू नका, तुमच्या प्रकल्पाच्या तारखा लिहा: अर्ज कधी केला, त्रुटी कधी निघाली, बे कधी गेला. अंतिम नियमांबरोबर आयोग कारणांचं निवेदन काढतो, त्यात कुणी काय म्हटलं आणि ते का घेतलं किंवा नाही घेतलं ते छापतात. आपल्या भागातल्या छोट्या प्रकल्पवाल्यांची नावं त्यात मला फार थोडी दिसतात. पुढचा मसुदा आला की तुमचा तक्ता मला आधी पाठवा, तारखा मी तपासून देईन.