जुन्या जीएमसी मोटरहोमचं सस्पेन्शन उघडताय? घण उचलायच्या आधी या चुका टाळा

जीएमसीचं १९७३ ते १९७८ मधलं मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये की ही गाडी चालवण्यापेक्षा तिच्याखाली आडवं पडण्यातच जास्त वेळ जातो. गाडी आहे मात्र भारी. इंजिन-गिअरबॉक्स ओल्ड्समोबाइल टोरोनॅडोचं, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, मागे आडवा अ‍ॅक्सलच नाही म्हणून फ्लोअर एकदम खाली. पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), आणि मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं दोन आर्मवर (चाक धरणारे दांडे), त्या दोन आर्मच्या मध्ये एकच एअर बॅग (स्प्रिंगसारखी हवेची पिशवी). डिझाइनला तोड नाही, पण आता पन्नास वर्षं झालीत आणि गाडी मिशिगन-ओहायोकडची असेल तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ खालच्या प्रत्येक सांध्यात जाऊन बसलेलं असतं.

आता मुद्दा. बहुतेक जण पार्ट निघत नाही म्हटलं की सरळ मोठा घण आणतात. पण पार्ट अडकलाय कशामुळे हे आधी बघा, कारण गंजाने धरलेला बोल्ट, टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) घट्ट बसलेला बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा सांधा), रबर बुशला (सांध्यातलं रबरी अस्तर) चिकटलेली स्लीव्ह (नळी) आणि अजून ताणाखाली असलेला टॉर्शन बार या चारही गोष्टी बाहेरून सारख्याच हट्टी दिसतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर एकतर पार्ट मोडतो किंवा माणूस.

सगळ्यात डेंजर टॉर्शन बार, म्हणून तो पहिला. त्याचा अ‍ॅडजस्टिंग बोल्ट सैल केला म्हणजे ताण संपला असं समजू नका. बार पिळलेल्या अवस्थेतच असतो, त्याला अनलोड करायचं वेगळं टूल मिळतं, ते विकत घ्या किंवा कोणाकडून तरी आणा पण सी-क्लॅम्प लावून जुगाड करू नका, तो सुटला तर आर्म ज्या ताकदीने येतो त्यापुढे हात-बोटं काहीच नाहीत. पूर्ण अनलोड केल्यावरही बार त्याच्या षटकोनी खोबणीतून निघाला नाही तर आता मात्र तो गंजच आहे. तिथे पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) मारून रात्रभर सोडा, मग मागच्या टोकाचा आर्म पुढे-मागे ठोकून हलवा. बारला पाइप पाना किंवा व्हाइस ग्रिप लावायचा नाही म्हणजे नाहीच, कारण पान्याच्या दातांची जी खूण उमटते तिथूनच पुढे तडा जातो. गॅसची ज्योतही लांब ठेवा, ते स्प्रिंग स्टील आहे, तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. आणि काढायच्या आधी डावा-उजवा रंगाने मार्क करा. दोन्ही दिसतात सारखे, पण प्रत्येकाला एकाच दिशेने पिळायची सवय झालेली असते, अदलाबदल चालत नाही. त्याच वेळी गाडीची उंची आणि अ‍ॅडजस्टर बोल्ट किती आत आहे तेही मोजून लिहून ठेवा, नाहीतर परत बसवताना अंदाजपंचे.

पान्यांचं पण बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांची टूलबॉक्स भारतातून आणलेली किंवा होंडा-टोयोटासाठी भरलेली असते, म्हणजे सगळं मेट्रिक. ही गाडी इंचात आहे. १९ एमएमचा सॉकेट पाऊण इंचाला छान बसतो म्हणून लोकांना वाटतं बाकीचेही चालतील, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, त्यावर १३ चा लावून गंजलेल्या बोल्टला जोर दिला की कोपरे गेलेच. नऊ-सोळांश म्हणजे १४.३, तिथे १४ चढतच नाही आणि १५ फिरतो. इंचाचा सेट घ्या, तोही सहा कोनी, बारा कोनी नको.

पेनिट्रेटिंग ऑइलबद्दल एकच तक्रार, लोक मारतात आणि दहा मिनिटांत पाना लावतात. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवायला बनवलेलं, नावातलं डब्ल्यूडी म्हणजेच वॉटर डिस्प्लेसमेंट, अशा गंजाला खास पेनिट्रंटच हवं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन अर्धं-अर्धं करूनही लोक वापरतात, चांगलं चालतं, फक्त दर वेळी हलवून घ्या आणि त्यानंतर लगेच गॅस पेटवू नका कारण अ‍ॅसिटोन भडकतं. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारत राहा, मधे बोल्टच्या डोक्यावर हातोडीने टकटक करा म्हणजे तेल आत झिरपतं. आणि सोडवताना आधी थोडंसं आवळायचं, मग सोडायचं, मग परत आवळायचं. एकाच दिशेला पाइप लावून लोंबकळलात तर बोल्ट तुटणार.

गरम करणं हा उपाय जोरदार आहे पण बाहेरचा भाग तापवायचा, आतला नाही. हिशोब बघा, २५ एमएमचं भोक असलेला लोखंडी तुकडा ३०० डिग्रीने तापवला तर भोक साधारण ०.०९ एमएमने मोठं होतं, ऐकायला काहीच नाही पण गंजाची पकड तेवढ्यानेच फुटते. तापल्यावर फटीला मेणबत्ती टेकवा, मेण आत ओढलं जातं. पण ही मोटरहोम आहे हे विसरू नका. पेट्रोलच्या टाक्या फ्लोअरखाली, ब्रेकचे होज, एअर बॅग, भिंतीत पॉलियुरेथेन फोम, बॉडी फायबरग्लास आणि अ‍ॅल्युमिनियमची. उघडी ज्योत लावायची हिंमत करण्यापेक्षा इंडक्शन हीटर (ज्योतीशिवाय विजेने धातू तापवणारा) भाड्याने मिळाला तर बघा, खरंच वेगळी गोष्ट आहे ती. अजून एक, क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत किंवा वेल्डिंग अजिबात नको, त्यातून फॉस्जीन तयार होतो, विषारी गॅस आहे, थोडासाही नको.

बॉल जॉइंटवर गंजापेक्षा टेपरचीच पकड जास्त असते, त्यामुळे तिथे तेल ओतून फार फरक पडत नाही. नट पूर्ण काढू नका, तीन-चार आटे अडकलेले ठेवा म्हणजे सुटला तरी आर्म खाली आदळणार नाही. पुलर लावून ताण द्या आणि मग नकलच्या (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) ज्या डोळ्यात टेपर बसतो त्याच्या बाजूला दोन हातोडे समोरासमोर एकदम मारा, तो डोळा क्षणभर दबतो आणि जॉइंट ‘ठक’ करून सुटतो. बोल्टच्या टोकावर मारत बसलात तर फक्त आटे खराब होतात. पिकल फोर्क (दोन दातांची पाचर) वापरायचा असेल तर बूट (जॉइंटवरचं रबरी कव्हर) फाटणार हे धरून चला, जॉइंट नवीनच टाकणार असाल तर खुशाल वापरा. कारखान्यातून आलेले जुने जॉइंट बऱ्याचदा रिव्हेटने बसवलेले असतात, तिथे डोकं मधोमध ड्रिल करून छिन्नीने उडवायचं.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या बोल्टवर लोक विनाकारण वेळ घालवतात. नट निघतो, बोल्ट फिरतोय असं वाटतं, पाना सोडला की परत येतो. कारण बोल्ट आतल्या लोखंडी स्लीव्हला गंजून एक झालाय आणि स्लीव्ह रबराला चिकटलेली आहे, तुम्ही नुसतं रबर पिळताय. तापवलंत तर रबर जळतं, धूर होतो, बोल्ट तिथेच. सरळ रेसिप्रोकेटिंग सॉने (पुढे-मागे चालणारी पॉवर करवत) दोन्ही बाजूंनी कापा आणि नवा बोल्ट आणा. ग्रेड बघून आणा, डोक्यावर सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, तीन म्हणजे ग्रेड ५, जुन्यापेक्षा कमी ग्रेडचा टाकू नका.

पुढच्या हबचे बेअरिंग प्रेसने बसवलेले असतात. प्रेस नसेल तर पूर्ण नकल उचलून मशीन शॉपमध्ये द्या, गॅरेजमध्ये ठोकत बसू नका.

मागच्या बाजूला आधी एअर बॅगची हवा सोडा. गाडी जॅकवर आहे, चाक लटकतंय, म्हणून बॅग रिकामीच असणार असं नसतं. आणि गाडी बॅगच्या भरवशावर उभी असताना खाली शिरायचं नाही, साडेचार-पाच टनांचा ऐवज आहे, चेसिसखाली दणकट घोड्या (जॅक स्टँड) लावा, त्याही काँक्रीटवर, डांबरावर उन्हात घोडी रुतते. आर्मच्या पिना अडकण्याचं कारण साधं असतं, वर्षानुवर्षं ग्रीस गेलेलं नाही. निपलमधून (ग्रीस भरायचं तोंड) नवं ग्रीस जात नसेल तर निपल काढून भोक साफ करा, जुनं ग्रीस दगड झालेलं असतं, तिथे पेनिट्रंट भरा, निपल परत लावा आणि ग्रीस गनने दाब द्या. कित्येकदा तेवढ्यानेच आर्म हलायला लागतो, आणि मग पिन काढायचीच गरज आहे का हेही तपासा.

परत बसवताना बोल्टला अँटी-सीझ (आटे परत धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा पण मग पुस्तकातला कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळायचा जोर) जसाच्या तसा देऊ नका, घर्षण कमी झालेलं असतं, बोल्ट जास्त ताणला जातो. बॉल जॉइंटच्या टेपरला काहीही लावायचं नाही, स्वच्छ आणि कोरडा. आणि कंट्रोल आर्मच्या रबर बुशचे बोल्ट चाक लटकत असताना फायनल आवळू नका, गाडी चाकांवर उतरवून नेहमीच्या उंचीला आल्यावरच आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेल्या राहतात आणि लवकर फाटतात.