हॉटेलात मासा मागवण्याआधी: संकटातला जीव ताटात येऊ नये म्हणून

मेनूकार्डावर असतं ते माशाचं विक्रीचं नाव. प्रजाती कोणती, हे त्यावरून कळेलच असं नाही. ‘रॉक सॅमन’ वाचून सॅमन येईल असं वाटतं, पण ब्रिटनमध्ये त्या नावाखाली बरेचदा स्पायनी डॉगफिश ही लहान मुशी (शार्क) ताटात येते. तिची मादी दीड ते दोन वर्षं पिल्लं पोटात वाढवते. अशा माशाची संख्या एकदा घटली की भरून यायला कित्येक दशकं जातात. म्हणून बाहेर जेवायला जाताना पहिलं काम ते नाव सोडवण्याचं.

त्यासाठी आदल्या दिवशी, गर्दी नसताना फोन करावा. ऐन जेवणाच्या वेळी वेटरला विचारलं तर ‘एकदम ताजा आहे’ एवढंच उत्तर मिळतं. यात त्याचा दोष नाही. मालाची पावती खरेदी बघणाऱ्याकडे असते. त्यालाच विचारा: प्रजाती कोणती, आली कुठून, समुद्रातली की पाळलेली, आणि पकडली कशाने? पावतीवर शास्त्रीय नाव असेल तर अक्षरन् अक्षर लिहून घ्या. यातलं काहीच सांगता येत नसेल, तर तो मासा मागवू नये.

मिळालेलं शास्त्रीय नाव आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत शोधा; कोणती प्रजाती किती धोक्यात आहे ते तिच्यात असतं. असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त या तिन्ही पायऱ्या धोक्याच्या. शेऱ्यासोबत मूल्यमापनाचं वर्षही बघा. अटलांटिक कॉडला ‘असुरक्षित’ हा शेरा १९९६ मध्ये मिळाला आणि पुढची पंचवीसहून जास्त वर्षं तोच राहिला. दरम्यान कुठल्या पाण्यात किती मासा उरला, हे त्यातून कळत नाही. नुसतं ‘ब्लूफिन ट्यूना’ हे नावही पुरत नाही, कारण त्या नावाच्या तीन प्रजाती आहेत. २०२१ मध्ये अटलांटिकमधली ‘संकटग्रस्त’वरून ‘किमान चिंता’ या गटात आली, दक्षिणेकडची मात्र ‘संकटग्रस्त’ ठरली. शिवाय अटलांटिकच्याच पश्चिम भागातला साठा खालावलेलाच आहे. ‘कुठून आली?’ हा प्रश्न म्हणूनच सोडायचा नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘पाळलेला आहे’ या उत्तराने. युरोपीय ईल हा वामीसारखा लांबट मासा अतिसंकटग्रस्त आहे. त्याची पैदास बंदिस्त टाक्यांत व्यापारी प्रमाणावर अजून साधलेली नाही. मत्स्यशेतीतला प्रत्येक ईल हा नदीच्या मुखाशी पकडलेलं, काचेसारखं पारदर्शक पिल्लू असतो. तोच मोठा करून विकतात, म्हणजे शेती असूनही निसर्गातली संख्या घटतेच. कालवं आणि शिंपल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना बाहेरून खाद्य लागत नाही, ती पाणी गाळून जगतात. काय मागवावं हे सुचत नसेल तर पाळलेले शिंपले हा बहुतेक ठिकाणी निर्धास्त पर्याय.

‘इथलाच आहे, स्थानिक’ या उत्तरानेही हुरळून जाऊ नये. जवळचा म्हणजे मुबलक, असं गणित नाही. स्थानिक मालाचा खरा फायदा एवढाच, की कोणत्या बोटीचा, कोणत्या जाळ्याचा हे विचारता येतं, आणि ते विचारायलाच हवं. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्निया आखातातला व्हाकिटा हा छोटा सागरी सस्तन प्राणी कोणी मुद्दाम पकडत नाही. टोटोआबा माशासाठी लावलेल्या जाळ्यांत अडकून, श्वास घ्यायला वर येता न आल्याने तो मरतो. आता जेमतेम दहाच्या आसपास उरलेत. गळाने किंवा सापळ्याने धरलेला मासा निवडला की नको असलेला जीव बहुधा जिवंत सोडता येतो. तळ खरवडणाऱ्या जाळ्यात ती सोय नसते.

काही गोष्टी डोळ्यांनीच कळतात. मुशीच्या आडव्या तुकड्यात बारीक काटे नसतात. मधोमध कूर्चेचा एकच गोल मणका दिसतो आणि कातडीवरून उलट्या दिशेने बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखी खरखर लागते. ‘काटे नसलेला मासा’ म्हणून असा तुकडा समोर आला तर नाव पुन्हा विचारा. शेवंड जिवंत दाखवत असतील तर उलटी करून बघा. शेपटीखालच्या पाकळ्यांना दाण्यांचा दाट घोस चिकटलेला असेल, तर ती अंडी भरलेली मादी आहे. ती नको म्हणा, आणि का नको तेही सांगा.

कॅव्हिअर, म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी, चमच्याने वाढून आणलं तर आधी डबा मागा. सायटीस या संकटातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली प्रत्येक डब्यावर एकदाच वापरता येणारं लेबल लागतं. त्यावरची पहिली तीन अक्षरं प्रजातीची. एचयूएस म्हणजे अतिसंकटग्रस्त बेलुगा स्टर्जन. पुढच्या एका अक्षरात डब्ल्यू म्हणजे निसर्गातून धरलेला, सी म्हणजे पैदास केंद्रातला. त्यानंतर देश, वर्ष, कारखान्याचा नोंदणी क्रमांक आणि लॉट क्रमांक. लेबल नाही किंवा फाडून पुन्हा चिकटवलंय, तर घेऊ नका. सोबत परदेशी न्यायचं असेल तर परवान्याशिवाय माणशी १२५ ग्रॅमची मर्यादा आहे, तीही लेबल शाबूत असेल तरच. काही देशांचे नियम त्याहून कडक असतात, ते आधी बघून घ्यावेत.

मेनूवर समुद्री कासव किंवा खवले मांजर दिसलं, तर ‘चव तरी बघू’ हा विचारसुद्धा नको. दोन्ही सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे आणि बहुतेक देशांत मारणं हाच गुन्हा आहे. तिथे वाद घालत बसू नये. मेनूचा फोटो, तारीख, वेळ आणि पत्ता नोंदवून बाहेर पडावं आणि त्याच दिवशी वन्यजीव विभागाला कळवावं. उशीर झाला की फ्रीझर रिकामा होतो आणि मेनूकार्ड बदलतं.